पुस्तक संपलंय

“मावशी, ते संपलंय हो,” असं मी एका बाईला सलग चार रविवार सांगितलं. संपलं नव्हतं. काउंटरखालच्या खणात, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मेणबत्त्यांच्या खोक्यामागे त्या पुस्तिकेच्या अकरा प्रती होत्या. त्या तिथे मीच सरकवल्या होत्या.

मी वसईत एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात काम करते. राहायला भुईगावात. सकाळी वाडीतून बाहेर पडायचं, शेअर रिक्षा पकडायची आणि नऊच्या सुमारास एका चर्चशेजारच्या गाळ्याचं शटर वर करायचं. दुकानाचं नाव सांगत नाही. त्या बाईचं गावही सांगत नाही, आणि तिची ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत.

पुस्तकांचं दुकान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं असेल, ते हे नव्हे. आमच्याकडे सगळ्यात कमी खपतात ती पुस्तकंच. रोजरीच्या माळा खपतात, संतांची चित्रं खपतात, गाडीत लावायचे क्रूस खपतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवसाआधी, मेणबत्त्या पोत्यानं जातात. डिसेंबरात गोठ्यातल्या मूर्ती आणि कागदी तारे. उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या पुस्तिका. मे महिन्यात लग्नात द्यायला काचेवर कोरलेलं शेवटचं भोजन, जे हमखास फुटून परत येतं. मधल्या फळीवर नोव्हेनांची पातळ पुस्तकं, गायनाची पुस्तकं, ‘सुवार्ता’चे अंक, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’. सगळ्यात वरच्या फळीवर जाडजूड इंग्रजी पुस्तकं, धर्माचा इतिहास, संतांची चरित्रं. ती दुपारी गिऱ्हाईक नसताना मीच वाचते. हे वाचन पगारात धरलेलं नाही. पगार बघता धरायला हवं.

दुकानाचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना सरच म्हणतात. कामाला ठेवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, “हिशोब जमतो का?” श्रद्धा आहे का, हे विचारलं नाही. आडनाव ऐकलं असेल. आमच्याकडे आडनावातच श्रद्धा धरलेली असते. पोर्तुगीज १५३४ साली वसईत आले आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी त्यांना इथून घालवलं. ते गेले, पण त्यांनी दिलेली आडनावं आणि देव मागे राहिले. पोर्तुगीज येत नसतानाही माझ्या आजीनं ते दोन्ही जपलं. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. १९६० नंतरच्या दशकात ती मराठीत आली, तरी आजी माळ ओढताना मधूनच ते जुने शब्द म्हणायची, आमच्या बोलीचे हेल काढत. अर्थ विचारला तर म्हणायची, “देवाला कळतो.”

माझी श्रद्धा कुठल्या अपघातात गेली नाही. लोकांना कारण हवं असतं. घरात कुणी गेलं का, प्रेमात काही झालं का, कॉलेजात कुणी नास्तिक भेटला का. तसलं काही नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरतं तशी ती उतरली. रोज काढत होते तोवर लक्षात आलं नाही. मग एक दिवस दोर पुरेना. मी अजून रविवारी मिस्साला जाते, गाणी गाते. गाणी मला आवडतातच. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की मात्र हळूच उठते, कारण मिस्सा सुटल्यावर दुकानात गर्दी होते आणि चावी माझ्याकडे असते. आईला वाटतं, पोरगी कामसू आहे. हा लेख आईपर्यंत पोहोचणार नाही असं धरून मी लिहितेय. पण व्हॉट्सअॅप आहे, आणि मला दोन मावश्या आहेत.

तर ती पुस्तिका. एका शनिवारी कुणीतरी वीस प्रती ठेवून गेलं होतं. विकल्या तर पैसे द्या, नाहीतर परत. असं बरंच काही येत असतं. गुळगुळीत कव्हर, आत लोकांच्या साक्षी. आमच्याकडे साक्ष म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते चार लोकांसमोर सांगणं. बहुतेक साक्षी साध्या होत्या. कुणाला नोकरी लागली, कुणाची दारू सुटली, कुणा भावांमधलं वाडीचं भांडण मिटलं. एका साक्षीत फिट येणारा मुलगा होता. आईबापांनी त्याला प्रार्थनासभेला नेलं, घरी येऊन त्याच्या गोळ्या फेकून दिल्या, आणि त्या दिवसापासून त्याला एकदाही फिट आली नाही. त्याखाली जाड ठशात सल्ला होता की देवावर भरवसा असेल तर गोळी कशाला.

मी हे वाचेपर्यंत नऊ प्रती गेल्या होत्या. उरलेल्या अकरा मी खणात टाकल्या आणि पुढच्याच रविवारी ती आली. चाळिशीची असेल. बरोबर अकरा-बारा वर्षांची मुलगी. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोळे अर्धे मिटलेले. आई म्हणाली, “हिला फिट येतात बाय. गोळ्या चालू आहेत, पण पोर दिवसभर पेंगते. शाळेत उभी करतात. ते फिटचं पुस्तक आहे म्हणतात ना तुमच्याकडे?” ती हे आमच्या बोलीत म्हणाली. इथे मी प्रमाण मराठीत लिहितेय, म्हणजे इथेही भाषांतरच चाललंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी म्हटलं, “संपलंय.”

“परत कधी येणार?”

“बघते.”

दुकानदाराच्या तोंडात ‘संपलंय’ हा शब्द इतका रुळलेला असतो की तो खोटा आहे हे बोलताना जाणवतही नाही. जाणवलं ते दुसऱ्या रविवारी, ती पुन्हा आली तेव्हा. आणि तिसऱ्या. चौथ्या रविवारी तिनं माझ्यासाठी घरची राजेळी केळी आणली, रोज विचारून त्रास देते म्हणून. ती मी घेतली. घरी नेली. खाल्ली.

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच केलंस. मीही तेच म्हणत होते. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही, तसंच हे. पण मेडिकलवाला ‘संपलंय’ म्हणत नाही, ‘चिठ्ठी आणा’ म्हणतो. त्याच्यामागे कायदा असतो. जादूई उपायांच्या जाहिराती रोखणारा १९५४ चा एक कायदा आहे आणि त्याच्या रोगांच्या यादीत फेफरंही आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा ठाऊक असतं तर मी कायद्याचं नाव सांगून मोकळी झाले असते, आणि हा लेखही वाचला असता.

दुपारी वरच्या फळीवरचं वाचताना मला माझ्यासारखाच एक माणूस सापडला. इसवी सन ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियननं हुकूम काढला, ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जमा करा आणि जाळा. उत्तर आफ्रिकेत अधिकारी दारोदार गेले. काहींनी जीव दिला पण पुस्तक दिलं नाही. काहींनी निमूट पुस्तक दिलं, आणि त्यांना लॅटिनमध्ये नाव पडलं ‘त्रादितोर’, हवाली करणारा. इंग्रजीतला ‘ट्रेटर’ तिथलाच. गंमत म्हणजे ‘ट्रॅडिशन’ही त्याच घरातला. हातात दिलं की परंपरा, हातात दिलं की फितुरी. कार्थेजचे बिशप मेन्सुरिअस यांनी तिसरीच वाट काढली. खरे ग्रंथ लपवले आणि त्यांच्या जागी पाखंडी पुस्तकं ठेवली. अधिकारी तीच उचलून घेऊन गेले. पुस्तकांच्या बाबतीत बनवाबनवी करणारी मी पहिली नाही, माझ्याआधी एक बिशप होऊन गेलेत, एवढा दिलासा मला त्या दुपारी मिळाला.

तो टिकला नाही. मेन्सुरिअसनी सत्तेला फसवलं होतं. मी फसवत होते ती केळी आणणाऱ्या बाईला. आणि याच्याहून जवळचा नमुना माझ्याकडे होता. वाचू नयेत अशा पुस्तकांची पहिली रोमन यादी १५५९ साली निघाली आणि १९६६ साली मोडीत निघाली. कॉलेजात असताना त्या यादीवर मी तावातावानं बोलले होते. लोकांनी काय वाचावं हे ठरवणारे हे कोण, वगैरे. जुन्या कॅथलिक पुस्तकांच्या पहिल्या पानांवर ‘निहिल ऑब्स्टाट’ असं छापलेलं असतं, म्हणजे हरकत नाही. त्यावरही मी हसले होते. आता माझीच एक यादी झाली होती, एका पुस्तकाची. रोमच्या यादीमागे निदान बैठका होत होत्या.

त्याहून अवघड प्रश्न काउंटरवरच उघडा पडला होता. पुस्तिका मी खणात टाकली, पण बायबल तर समोर मांडलेलं असतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात फिट येणारा मुलगाच आहे. लहानपणापासून येतात, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. बाप त्याला शिष्यांकडे आणतो, त्यांना जमत नाही. मग तो येशूला म्हणतो, तुमच्यानं काही होत असेल तर बघा. येशू नेमका त्या ‘होत असेल तर’वर बोट ठेवतो. तेव्हा बाप ओरडून एका दमात दोन उलट गोष्टी बोलतो. विश्वास आहे म्हणतो, आणि त्याच श्वासात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. मुलगा बरा होतो. आधी अविश्वास घालवून ये, मग बघू, असं त्याला कुणी म्हणत नाही.

मग मी एक गोष्ट का लपवली आणि दुसरी का विकते? दोन्हीत मुलगा औषधाशिवाय बरा होतो. मी स्वतःला दिलेलं उत्तर असं. पुस्तिकेत त्या बापासारखा कुणीच नव्हता. सगळ्यांची खात्री होती, शंभर टक्के, पहिल्या पानापासून. ज्यांच्या पोरांची फिट थांबली नाही त्यांना साक्ष द्यायला कुणी बोलावत नाही, म्हणून तर साक्षींचं पुस्तक नेहमी गोड संपतं. मार्कनं त्या बापाची चलबिचल ठेवली, खोडली नाही. हे उत्तर मला अजून पटतं. पण ते साहित्याच्या विद्यार्थिनीचं उत्तर आहे. पेंगणाऱ्या पोरीच्या आईला ते काय कामाचं?

पाचव्या रविवारी ती आली नाही. सोमवारी दुपारी आली, एकटी. मोबाईल पुढे केला. “आलं बघ.” कुणीतरी सगळ्या पुस्तिकेचे पानापानाचे फोटो काढून ग्रुपवर टाकले होते. तिरके फोटो, एका पानावर अंगठा आलेला. माझ्या खणाची सत्ता तिथेच संपली.

ती वाचायला आली नव्हती, तिचं वाचून झालं होतं. ती विचारायला आली होती. “तू सांग. गोळ्या बंद करू?”

“मला का विचारता मावशी?”

“तू देवाच्या दुकानात बसतेस.”

मी जे सांगायचं ते सांगितलं. डॉक्टरांना विचारा. गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट जास्त जोरात येऊ शकते, लागोपाठ येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. तिनं मान हलवली. पालकसभेत हलवतात तशी. “डॉक्टर तेच सांगणार. त्यांच्या गोळ्या आहेत.” मग थांबून म्हणाली, “मला देवाचं सांग.”

मी वरच्या फळीवरून इंग्रजी कॅथलिक बायबल काढलं. ‘सिराख’ नावाचं पुस्तक, अडतिसावा अध्याय. दुपारच्या वाचनात ते डोळ्यांखालून गेलं होतं. त्यात वैद्याला मान द्या म्हटलंय, औषधं देवानंच जमिनीतून उगवली आहेत आणि शहाणा माणूस त्यांना नाकारत नाही असं म्हटलंय. आजारी पडलात तर प्रार्थना करा, आणि वैद्यालाही त्याची जागा द्या. यात एक गोम आहे. प्रोटेस्टंट बायबलात सहासष्ट पुस्तकं असतात, आमच्यात त्र्याहत्तर, आणि सिराख त्या वरच्या सातांत येतं. शेजारच्याच फळीवरचं बायबल मी ओढलं असतं तर हे पान तिथे नसतंच. एका मुलीच्या गोळ्या फळीतल्या वीतभर अंतरावर अवलंबून होत्या.

मी इंग्रजीत बघत आमच्या बोलीत सांगत गेले. सिराख मुळात हिब्रूत लिहिलेलं. लेखकाच्या नातवानं ते ग्रीकमध्ये नेलं आणि सुरुवातीलाच वाचकांची माफी मागितली, की एका भाषेतलं जोर धरून दुसरीत येत नाही, सांभाळून घ्या. इथल्या भाषेत देव आणणाऱ्यांनीही काही कमी कसरत केली नाही. फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, जवळपास अकरा हजार मराठी ओव्या, आणि त्यात स्वर्ग म्हणजे चक्क वैकुंठ. त्यांनी जे केलं ते उघड, छापून, आपल्या नावानं केलं. मी काय केलं ते आता सांगते.

शहाणा माणूस औषध नाकारत नाही, इथपर्यंत आले आणि मी पुढे म्हणाले, “आणि चालू केलेलं औषध मधेच सोडू नये. सोडायचंच तर वैद्याला विचारून.” हे त्या पानावर नाही. हे वाक्य माझं.

आणखी एक केलं. त्या भागाच्या शेवटी एक कडवट ओळ आहे. जो निर्मात्यापुढे पाप करतो तो वैद्याच्या हाती सापडो, अशा अर्थाची. ती मी गाळली. समोर जी उभी होती ती रात्ररात्र हेच विचार करत असणार, आपल्या कुठल्या पापानं पोरीला हे झालं. तिला ती ओळ द्यायला मी धजले नाही.

“हे बायबलात आहे?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, “हो.”

तिनं मोबाईल पिशवीत टाकला. “बरं,” म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला छान वाटलं असतं. झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्यावर टोचायला लागलं. चार वेळचं ‘संपलंय’ मला पचलं होतं, हे एक ‘हो’ पचेना. आणि नीट बघितलं तर विचित्रच होतं. ज्या पुस्तकावर माझा विश्वास उरलेला नाही, त्यात एक ओळ घुसवली म्हणून मला कशाला वाईट वाटावं? कथा-कादंबरीत बदल केला तर कुणी पाप म्हणत नाही.

पुन्हा उत्तर आफ्रिका. तो छळ थांबल्यावर ख्रिस्ती लोकांतच भांडण पेटलं. ज्या बिशपनं घाबरून पुस्तकं हवाली केली, त्याच्या हातून झालेला संस्कार खरा धरायचा का? डोनेटसच्या माणसांचं म्हणणं, नाही. हात मळलेले, तर देणंही मळलेलं. हे भांडण शंभर वर्षांनीही चालूच होतं, तेव्हा ऑगस्टिननं उत्तर दिलं की देणगी देवाची आहे, देणारा कसाही असो. त्यानं दाखला दिलाय तो वाडीतल्या माणसाला लगेच कळेल. दगडी पाटातून पाणी जातं. पाटाच्या दगडावर काही उगवत नाही, पण पुढे वाफे हिरवे होतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मी दगड. माळा, नोव्हेना, बायबलं माझ्या हातून जातात. मला ओल नाही, पण पुढे कुणाचं तरी काही उगवत असेल. दोन वर्षं मी या दाखल्यावर नोकरी केली.

पण पाटानं पाण्यात स्वतःचं काही मिसळलं तर? त्यावर ऑगस्टिनची सावली माझ्यावर पडत नाही. मी नुसती वाट राहिले नव्हते.

शेवटी सरांना सांगितलं. सगळं. खण, अकरा प्रती, सिराख. ते हिशोबाची वही बघत होते, ती मिटली.

“संपलंय म्हणालीस ते माझ्या खात्यावर टाक,” ते म्हणाले. “दुकान माझं आहे. असली पुस्तिका फळीवर आली ही माझी चूक. मी वाचायला हवी होती. उद्या परत पाठवू, का ते लिहून.” मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. “पण ते वाक्य घालायला नको होतंस.” त्यांनी बायबलाचं अगदी शेवटचं पान काढून माझ्यापुढे केलं. प्रकटीकरणाच्या शेवटी ताकीद आहे, या पुस्तकात भर घालणाऱ्याला आणि यातलं काही काढणाऱ्याला. मी दोन्ही केलं होतं.

“तू हे मानत नाहीस, ते मला ठाऊक आहे,” सर म्हणाले.

मी गप्प. मग विचारलं, “कधीपासून?”

“ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उठून दुकान उघडणारी तू पहिलीच. तुझ्याआधीची पोरं मिस्सा संपल्यावर निवांत यायची.”

“मग ठेवलंत का?”

“हिशोब जमतो तुला.”

मी म्हटलं, सर, त्या वाक्यानं पोरगी वाचली असेल. ते म्हणाले, असेल. मी म्हटलं, मी मानतच नाही तर ती ताकीद मला कशी लागू? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी अजून घोळवतेय. “तू मानत नाहीस, पण ती मानते. ती तुझ्याकडे तुझं मत घ्यायला आली नव्हती. ते तू आधी दिलंस, तिनं घेतलं नाही. मग तू तेच देवाच्या नावानं दिलंस. तिच्या ताटात हात घातलास. भेटली की सांग तिला.”

मला राग आला. सरांचं सोपं होतं. त्यांना खऱ्याची काळजी होती, मला त्या पोरीची. सांगितलं आणि तिनं गोळ्या बंद केल्या तर? तीन आठवडे मी ती दुकानासमोरून जाऊ नये अशी इच्छा करत बसले. प्रार्थना करणाऱ्या माणसासारखी, फक्त कुणाकडे हे न ठरवता.

त्या दिवसांत मला सारखी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण यायची. ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्याशी बोलणं काढलं आणि जाताना बायबल हातात दिलं. टिळकांनी ते वाचलं आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट गोड वाटते, मलाही वाटायची. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचलं की कळतं, त्या एका पुस्तकानं लक्ष्मीबाईंचा संसार मधोमध चिरला, त्या काही वर्षं नवऱ्यापासून लांब राहिल्या. पुढे त्याही आल्या, स्वतःच्या वाटेनं, ती गोष्ट निराळी. पुस्तक देणारा प्रवासी मात्र आपल्या वाटेनं निघून गेला. कुणाच्या घरात पुढे काय झालं ते बघायला तो तिथे नव्हता. माझ्या त्या नऊ प्रतींचंही तसंच आहे. त्या कुणी नेल्या, कुठल्या घरात गेल्या, तिथे कुणी आजारी होतं का. पावतीवर नुसती रक्कम आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी ती आली. बरोबर मुलगी. या वेळी मुलगी चौकटीला टेकली नाही, आत येऊन कीचेन बघत बसली. डॉक्टरांकडे जाऊन आलो म्हणाली, पेंगते ते सांगितलं, त्यांनी गोळी बदलून दिली. मध्ये एकदा फिट आली होती, शाळेत. पण आता जागी असते.

मी म्हटलं, “मावशी, त्या दिवशी मी बायबलातलं सांगितलं ना, त्यात औषध मधेच सोडू नये असं एक वाक्य होतं. ते बायबलात नाही. ते मी घातलं.”

ती म्हणाली, “ठाऊक आहे.”

“कसं?”

“बाकीचं पुस्तकात बघून सांगत होतीस. ते बोललीस तेव्हा माझ्याकडे बघत होतीस.”

मला पुढे काही सुचेना. ते वाक्य माझं आहे हे कळूनही ती डॉक्टरांकडे गेली, की कळलं म्हणूनच गेली, हे विचारायचं राहिलं. गाळलेली ओळही मी तिला सांगितली नाही. सर म्हणाले होते सगळं सांग, पण ती अजून माझ्याकडेच आहे.

मृतांचा दिवस जवळ आला होता. तिनं मोठ्या मेणबत्त्यांचं पाकीट मागितलं, कबरींवर लावायला. ते सकाळीच संपलं होतं. मी तोंड उघडलं आणि तो शब्द घशात अडकला. मग मागे वळून रिकामं खोकं काढलं आणि काउंटरवर तिच्यासमोर आडवं करून दाखवलं. तिनं वाकून आत बघितलं.

“बरं,” म्हणाली, “मग लहान दे.”